रज्जाकची ‘ओकारी’

रज्जाकची आणि माझी ओळख माझ्याच ओकारीमुळे झाली. बायकोला तिच्या माहेरी, महाडला सोडून मी एकटाच भोरला परतत होतो. सासूबाईंनी नारळाच्या दुधातले पोहे तीनदा वाढले, मी तीनदा ‘नको, नको’ म्हणत खाल्ले आणि घाटातल्या कुठल्याशा वळणावर ते सगळे एसटीच्या खिडकीतून परत केले. भोरच्या स्टँडवर उतरलो, तर एक काटकुळा माणूस हातात बादली घेऊन गाडीच्या पत्र्याकडे बघत उभा होता.

“पोहे,” तो म्हणाला. “कोकनातले. नारळ लई. मालक कोन ह्याचा?”

माझ्या अंगात शिक्षकाचा पांढरा शर्ट होता. मी मागच्या बाकावरून उतरणाऱ्या एका आजींकडे बोट दाखवलं आणि फाटकाबाहेर पडलो. मागे वळून पाहिलं नाही.

किकवीच्या शाळेत जायला रोज सकाळी मला त्याच स्टँडवर यावं लागे. गाड्या धुणारा रज्जाक तिथे असायचाच. ‘या गुरुजी’ म्हणायचा. पोह्यांचा विषय त्याने कधी काढला नाही. विसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पत्र्यावरून तो अख्खा तालुका वाचायचा. “बुंदी हाय. घाटाखाली लगीन झालं वाटतं.” “शेवया. आमच्यातलं कुनीतरी ईद करून आलंय.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर किळस नसे. पण पानाची पिंक दिसली की त्याचं तोंड कडू व्हायचं. “ओकनारा आजारी आसतो, गुरुजी. थुकनाऱ्याला काय झालेलं आसतं?” हे ऐकून मी मान हलवायचो आणि सकाळचा चहा पोटात जागेवर आहे ना, ते पाहायचो.

धुताना तो बडबडायचा. ब्रशचा ठेका पत्र्यावर, बादलीचा ठेका फरशीवर, आणि वर शब्द. कुठल्याशा टेम्पोत त्याने रॅप ऐकलं होतं. “ह्याला गळा लागत न्हाई, गुरुजी. राग लागतो. त्यो हाय माझ्याकडं.” आणि मग:

खिडकीभाईर मान तुमची, पाठीवर बायकोचा हात,
डाळ भाईर, वांगं भाईर, मागनं आला भात.
तोंड पुसून तुमी म्हनता, ‘गेलं बाई एकदाचं’,
गेलं कुठं? हितं आलंय. नाव सांगा मालकाचं.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाच्या खोलीत त्याने अशी सात गाणी भरली. साथीला फक्त ब्रश आणि बादली. एकट्याचाच अल्बम का, विचारलं तर म्हणाला, “जवळ बसाय कोन तयार हुतंय? वास येतो म्हनत्यात.” मग म्हणाला, “इतकी वर्सं धुतोय, कुनी नाव इचारलं न्हाई. कॅसेटवर तरी आसंल. आन एकदा लोकांनी ऐकलं, तर पुढल्या बारीला पिशवी घिऊन बसतील.” एवढीच त्याची मागणी होती जगाकडे. त्यासाठी त्याने सायकल विकली.

मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. “मोठं लिवा, गुरुजी. ‘ओकारी’. खाली रज्जाक.” मी कॅसेट घरी नेली आणि जेवताना लावली. दीड गाणं झालं. ताटात पिठलं होतं. मी ताटाकडे पाहिलं आणि टेप बंद केला.

छापखान्यात माझी अभिरुची जागी झाली. ‘ओकारी’ असं कोण विकत घेईल? मी लिहिलं, ‘घाटातली गाणी’. वर डोंगर काढला. डोंगर मोकळा वाटला म्हणून दोन पोपट काढले. सगळी मुखपृष्ठं छापून झाल्यावरच रज्जाकला दाखवली. त्याने एक नाकाशी धरलं.

“ह्याला कसलाच वास न्हाई, गुरुजी,” एवढंच म्हणाला. पुन्हा छापायला दुसरी सायकल नव्हती.

स्टँडवरच्या टपरीत कॅसेटी भराभर खपल्या आणि तितक्याच भराभर परत आल्या. विंझरला साखरपुड्याला निघालेल्या एका जीपवाल्याने वाटेत शिदोरी उघडून जेवताना गाणी लावली होती. त्याने टपरीवर येऊन रज्जाकच्या तोंडावर कॅसेट फेकली, वर ‘घाणेरडा साला’ म्हणून थुंकला. थुंकला तोही नुकत्याच धुतलेल्या गाडीवर. भोवतीचे हसले. त्यातले निम्मे रोज त्याच पत्र्यावर पिंक टाकणारे. मला त्या हसण्याची शिसारी आली, पण मी तिथे होतो आणि बोललो काहीच नाही, हेही लिहायला हवं.

रज्जाकने पत्रा पुन्हा धुतला. “घान ही घान म्हनूनच दाखवनार हुतो, गुरुजी. तुमी तिच्यावर पोपट बसवलं. लबाड मी ठरलो.”

त्यानंतर गाड्या धुताना नुसता पाण्याचा आवाज यायचा.

पुढे दोनेक वर्षांनी तो लेकीकडे चिपळूणला राहायला निघाला. जाण्यापूर्वी घरी आला आणि एक कॅसेट हातात ठेवली. मुखपृष्ठ उलटं करून कोऱ्या बाजूला वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ओकारी. रज्जाक.’

“बाकीच्या?” मी विचारलं.

“जाळल्या. लई वास सुटला.” चहा न घेताच गेला.

त्याच संध्याकाळी मी कॅसेट लावली, या खेपेला न जेवता. बायको शेजारी गवार मोडत बसली होती. सातवं गाणं मी कधी ऐकलंच नव्हतं.

पोहे हुते नारळाचं, कोकनातलं ताजं,
बोट गेलं म्हातारीकडं, ‘तिचं हाय, न्हाई माझं.’
गुरुजी गेले फाटकाभाईर, शर्टाला न्हाई डाग,
म्हातारीवर समद्या गाडीनं काढला आपला राग.
पदर वला करून तिनं पुसाय घेतला पत्रा,
हसनारी, थुकनारी, भवती जमली जत्रा.
मी म्हनलं, ‘ऱ्हाऊ दे आये, न्हाई तुझ्या पापाचं,’
ठावं मला, सांगत न्हाई नाव त्याच्या मालकाचं.

घाट नव्हता, गाडी नव्हती, पोटात काही नव्हतं, तरी मला मळमळलं. हे सगळं ठाऊक असून तो माझ्याकडेच अक्षर मागायला आला होता.

बायकोचे हात थांबले होते. “पोहे आईचे ना?” तिने विचारलं. मी मान हलवली आणि आजींचं सगळं सांगून टाकलं. तिने टेपजवळची कॅसेटची डबी उचलली, ती वाकडी अक्षरं वाचली, मग उलटून पोपट पाहिले.

“म्हणजे नाव बदलायची खोड तुम्हाला आधीपासूनचीच,” ती म्हणाली आणि पुन्हा गवार मोडायला लागली.