खोबऱ्याच्या डब्यातलं चीज

आमच्या घरात चीज आलं ते किसूनच, बाटलीतून. हिरव्या झाकणाची बाटली, वर इटलीचा झेंडा, आणि आत वखारीतला भुसा मिठात घोळवून भरावा तसा माल. मुलीला पास्ता आवडतो म्हणून मी ते चीज तिच्या ताटात भुरभुरवत आले. एकदा सासूबाईंनी झाकण उघडून बाटली नाकाशी नेली आणि निकाल दिला, "ह्याला वासच न्हाय की गं. ज्याला वास न्हाय ते खायचं कशाला?"

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांचं नाक म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट, त्यापुढं अपील नाही. रविवारी त्यांच्या हातच्या तांबड्या रश्शाच्या वाटणासाठी मी सुकं खोबरं चिमट्यात धरून गॅसवर भाजायची, आणि त्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून ओरडायच्या, "पुरे! काढ!" बघायला यायच्या नाहीत. वासावरनंच कळायचं त्यांना. मी मुद्दाम जरा आणखी ठेवायची. गॅसपाशी उभी मी आणि हुकूम सोफ्यावरून, हे कुठल्या सुनेला मानवेल? लगेच दुसरी हाक, "करपलं बघ!" आणि खरंच करपलेलं असायचं. मला राग यायचा तो त्याचाच.

मग आत्तींना ताप आला. ताप गेला तो जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबू हुंगत राहा. आत्ती महिनोन्‌महिने हुंगत राहिल्या. लवंगेचा वास नाही, लिंबाचा नाही, हिंगाचाही नाही. शेवटी एके दिवशी लिंबू माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "जा, सरबत कर."

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला वाटलं, सुटले बाई एकदाची. मी खोबरं हवं तसं भाजत होते, कधी कच्चं, कधी कोळसा, आणि आत्ती पानात पडेल ते गप खात होत्या. रस्सा करायला त्या गॅसपाशीच येईनात. "नाक न्हाय तिथं रस्सा कसला," म्हणायच्या. ज्यांच्या रश्शासाठी पाहुणे काहीतरी कारण काढून उचगावहून यायचे, त्या आता दिवसभर खिडकीबाहेर बघत बसायच्या. टीव्हीसुद्धा लावायच्या नाहीत. घर शांत झालं आणि ती शांतता मला सोसेना. भांडायलाही समोर माणूस लागतं हो.

अशात मुलगी पुण्याहून चार दिवस आली. "आई, ते बाटलीतलं भुसकट आधी फेक," म्हणत तिने पिशवीतून चीजची एक पाचर काढली. खरं चीज, दगडासारखं कडक, एका कडेला तपकिरी साल. आमच्याच खोबऱ्याच्या किसणीवर तिने ते पास्त्यावर किसलं. मी एक घास खाल्ला आणि बाटली तशीच कचऱ्यात टाकली. पण वास! नवऱ्याने दुसऱ्या दिवशी फ्रीज उघडला आणि विचारलं, "आत कोण वारलंय?"

आत्ती सोफ्यावरून म्हणाल्या, "मला तर काय येत न्हाय बाबा."

नवऱ्याने फ्रीज हळूच लावून टाकला.

किसता किसता शेवटी साल तेवढी उरली. ती टाकायची नाही, सूपमध्ये घालायची, असं बजावून मुलगी परत गेली. पावसाळ्यात खोबरं खवट होऊ नये म्हणून आमच्याकडे ते डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात. सालही मी त्याच डब्यात टाकली. घट्ट झाकणाचा तेवढा एकच डबा होता.

पुढच्या रविवारी मटण आणलं होतं. जरा उघडीप मिळाली म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. इकडे आत्तींच्या मनात आलं, रस्सा नाही तर नाही, खोबरं तरी भाजून ठेवावं. चष्मा राहिला सोफ्यावर. डब्यात हात घातला, तपकिरी पाठीचा कडक तुकडा हाताला लागला, तो त्यांनी चिमट्यात धरला आणि गॅस मोठा केला.

वास गच्चीपर्यंत आला. हातातली ओली चादर टाकून मी खाली धावले, तर जिन्यातच कानावर आलं, "अगं ए! कुठं हायस? कसला घाण वास सुटलाय ह्यो? कुणाचं मोजं जाळाय घातलंस व्हय?"

माझे पाय तिथेच थबकले. वरच्या पट्टीतला तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. स्वयंपाकघरात आले तर आत्तींच्या एका हातात चिमटा, चिमट्यात फसफसणारी साल, आणि दुसऱ्या हाताने पदर नाकाला.

"आत्ती, नाकाला पदर का लावलाय तुम्ही?"

"का म्हंजे? वास..." म्हणाल्या आणि थांबल्या.

पदर हळूच खाली केला. साल नाकाजवळ नेली, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा नेली. "लई घाण हाय की गं," म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मीही रडायला लागले. तेवढ्यात नवरा धावत आला. धूर बघून म्हणाला, "शेवटी अग्नी दिला व्हय त्याला?"

तेव्हापासून लवंग आणि लिंबू बाद. मुलगी येताना चीज आणते, आतलं आम्ही खातो आणि साल आत्तींची. रोज सकाळी चहाच्या आधी त्या ती हुंगतात, "नासलंय मेलं" म्हणतात, आणि मगच मी आधण ठेवते. हळूहळू हिंग आला, उतू गेलेलं दूध आलं. कोथिंबीर अजून यायची आहे.

परवाच्या रविवारी मी खोबरं भाजत होते. खोबरंच होतं, दोनदा बघून घेतलं. बाहेर टीव्ही चालू होता. त्याच्यावरून हाक आली, "पुरे! काढ!"

माझ्या मते अजून जरा व्हायला हवं होतं. पण नाक त्यांचं. मी काढलं.