करवत माशीवाले मामा

गुलाब लावायचे ते किड्यांनी खावेत म्हणून, असं मानणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच निघाला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा. दोंडाईच्याचे मामा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. बाटल्या धुता धुता त्यांना करवत माशीचा नाद लागला. ही माशी गुलाबाचा कोवळा दांडा करवतीसारखा चिरून आत अंडी घालते. मग पिल्लं पानांच्या नुसत्या शिरा उरवतात. त्या पिल्लांना कुणी अळी म्हटलं की मामा भिंग हातात देत आणि पोटाखालचे पाय मोजायला लावत. फुलपाखराच्या अळीला फार तर पाच जोड्या, हिला त्याहून जास्त. पारोळ्याला माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी भाचीच्या पाठीशी उभं राहायला मामा सापडेनात. ते कार्यालयाच्या फाटकाजवळ गुलाबाच्या झुडपात डोकं घालून बसले होते. आले ते रुमालात पिल्लं बांधून.

कित्येक वर्षांची निरीक्षणं मामांनी वह्यांत लिहिली होती. जळगावच्या एका प्राध्यापकांनी त्या नेल्या. निबंधात तुमचंही नाव घालतो म्हणाले. मामांनी त्या आनंदात नवा सदरा शिवला. निबंध छापून आला. शेवटी 'स्थानिक मदतनिसाचे आभार' एवढंच होतं. मीच चिडून म्हटलं, जाब विचारू. मामा तो सदरा घालून माझ्याबरोबर जळगावला आले. पण नावाचा विषय त्यांनी काढलाच नाही. निबंधावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "सर, अंडी दांड्यात घालते. तुम्ही पानात लिहिलंय. तेवढं सुधारा."

सर हसले. आता ते कोण वाचतंय, म्हणाले आणि चहा मागवला.

परतीच्या गाडीत अमळनेर गेल्यावर मामा म्हणाले, "कुणी वाचणार नव्हतं, तर माझ्या वह्या नेल्या कशाला, जावईबापू?"

वह्या परत आल्या नाहीत. हल्ली मामी पिल्लं वेचून साबणाच्या पाण्यात टाकतात आणि मामा अडवत नाहीत. परवा गेलो तर अंगण फुललेलं. मामी मामांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बठ्ठा गुलाब फुलनात, पन यासनं तिकडे ध्यान नई शे." निघताना त्यांनी माझ्या बायकोच्या केसांत एक टपोरं फूल खोवलं. मामांनी पाहिलं आणि "छान आहे," म्हणाले. इतकं शहाण्यासारखं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.