टाकीत कोण कोण आहे?

भाजीच्या दुकानात संध्याकाळपर्यंत न विकलेली मेथी सुकून जाते आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही. माशांच्या दुकानात उलटं आहे. मासे विकले जातात आणि किस्से मागे राहतात! परवा मैत्रिणी घरी जमल्या होत्या. त्यांना एकच सांगायला गेले, तर दुपार माझ्याच बोलण्यात गेली.

अमरावतीतला आमचा गाळा मुळात भाजीचाच. माझे सासरे, म्हणजे मामाजी, यांनी शेतातली भाजी त्याच गाळ्यात विकत जन्म काढला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी धंदा बंद केला, आणि मी तो गाळा शोभेच्या माशांसाठी मागितला. मामाजींनी आधी खात्री करून घेतली.

"मासे? न् खायचे बी नाई?"

मग म्हणाले, "येत्या आखजीपर्यंत करून पाय. जमलं तर ठीक, नाई तर बाजूच्या मोबाईलवाल्या शेठले देऊन टाकतो. तो कवाचा मांगून राह्यला."

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. हातात वर्षही पुरतं नाही, आणि त्यात माझा एक नियम! घरच्या टाकीत आधीपासून कोण कोण आहे ते सांगितल्याशिवाय मी मासा देत नाही. जमणारं नसेल तर गिऱ्हाईक परत. या नियमापायी गाळा हातचा जाईल, असं घरातल्या सगळ्यांनी मला सांगून झालं होतं.

*

एक ताई एंजलफिश घ्यायला आल्या. घरच्या टाकीत निऑन टेट्रा, म्हणजे काडीएवढे चमकते मासे. एंजल मोठा झाला की त्यांना शेवया खाव्या तसा खातो.

"अहो, इतका देखणा मासा! तो असं कसं करेल?"

"ताई, देखण्याचंच नीट पाहून घ्यावं लागतं!"

ताईंच्या सोबत त्यांची लग्नाची मुलगी होती. ताई गर्रकन तिच्याकडे वळल्या. "आयकलं? मी इतक्या दिवसांपासून दुसरं काय सांगून राह्यली तुले!"

एंजल माझ्याकडेच राहिला. मुलीचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

*

एक नवा नवरदेव आला. "फायटरची जोडी द्या. एकटा बोर होईल."

दोन नर फायटर एका टाकीत ठेवले तर एक तरी मरतोच. पण हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मी काउंटरवर छोटा आरसा ठेवते. आरसा काचेला लावला. फायटरने कल्ले फुलवले, शेपटी पसरली आणि स्वतःवरच धावून गेला.

नवरदेव ओरडलाच, "अबे, हे तर आमचे मोठे काका! सेम टू सेम!"

त्याने एकच फायटर घेतला आणि तो काकांनाच वाढदिवसाला दिला. दुसऱ्या आठवड्यात काकांचा मला फोन. "बाई, मासा लय समजदार हाय. कोनाचं आयकून घेत नाई!"

*

मामाजी दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. आत येत नसत. एका दिवशी मी लागोपाठ गिऱ्हाइकं परत पाठवली आणि त्यांचा तोल गेला.

"गिऱ्हाईक वापस पाठवाले गाळा देल्ला का तुले? म्या उभ्या जन्मात वांगे इकले. कोनाले इचारलं नाई, घरी कोन कोन हाय म्हनून!"

सगळा बाजार हसला. मीसुद्धा हसले. पण त्यांचं चुकत नव्हतं. दुकान असं चाललं तर आखजीनंतर तिथे मोबाईलची कव्हरं लटकणार होती.

*

एका सरकारी ऑफिसातले बाबू होते. त्यांच्याकडे एक कन्व्हिक्ट सिक्लिड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. सारी टाकी बापाची समजायचा. त्याच्याच जातीचे, त्याच्याच मापाचे सोबती आणले तरी नव्या माशाला पहिल्याच दिवशी बदडायचा.

मी म्हटलं, "आधी त्याला बाहेर काढा. दगड हलवा, झाडं हलवा, गुहा मोडा. मग जुना आणि नवे सगळे एकदमच सोडा. त्याला आपली जागाच सापडली नाही, की तोही नवाच होतो."

आठवड्याने बाबू पेढे घेऊन आले. "मॅडम, एकदम गरीब झाला! सगळ्यांसोबत फिरून राह्यला!" मग हळूच म्हणाले, "एक विचारू? सायबाची खुर्ची हलवली तर?"

दारातल्या खुर्चीवर मामाजी खोकले. पेढा मात्र त्यांनी मागून घेतला.

*

माझं माहेर अकोल्याकडे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. या पाण्यावरून सासरी मला कमी चिडवलं नाही! पण मोली माशाला असंच जड, खारवट पाणी लागतं. भावाच्या हौदात मोली नुसत्या धष्टपुष्ट, पिल्लांवर पिल्लं. त्याच मोली अमरावतीला आणल्या, तर पंख मिटून कोपऱ्यात बसल्या.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "तुह्या धरनाचं पानी मानवलं नाई त्यायले. माहेरचं पानी ने!"

मी निघाले अकोल्याहून एसटीत, दोन्ही हातांत कॅन. कंडक्टर बघतच राहिला. "ताई, लोक इकडे गोड पानी आनतात. तुमी खारं घेऊन कुठी चालल्या?"

"माहेरचं आहे!"

त्याने दोन्ही कॅन माझ्या हातातून घेतले आणि स्वतः सीटखाली नीट ठेवले.

आज अमरावतीत कुणाला चांगली मोली हवी असली, की लोक माझ्या दुकानाचा पत्ता सांगतात. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. ज्या पाण्याला सगळ्यांनी आयुष्यभर नावं ठेवली, त्या पाण्याने माझं नाव केलं!

*

आखजी तोंडावर आली होती. मी मोलीचे डबे घेऊन अकोल्याहून परतले, तर मामाजी पहिल्यांदाच आत, काउंटरवर बसलेले. आणि मोबाईलवाले शेठ टेप लावून भिंत मोजत होते. माझे पाय पायरीवरच थांबले.

"बाबा, हे काचेचं सामान कधी उचलता?" शेठनी विचारलं.

 शेठची नजर तेवढ्यात तळहाताएवढ्या, लहान मासे गिळणाऱ्या ऑस्करवर गेली. "वा! हा पॅक करा. घरच्या टाकीत सोडतो."

"टाकीत कोन कोन हाय?" मामाजींनी विचारलं.

शेठ हसले. "आहेत हो. बारके-सारके."

"मंग नाई भेटत."

"बरं, मासा राहू द्या. गाळ्याचं बोला. कधी देता?"

मामाजींनी एकेक टाकी पाहिली. गप्पी, निऑन, मोली. मग पायरीवर डबे धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"शेठ, गाळ्यातबी बारके-सारकेच हायेत," ते म्हणाले. "नाई भेटत."