भट्टीवरची हजेरी

आमच्या शाळेचा हजेरीपट दर रविवारी गावाला जायचा, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी खडकोळीच्या या सरकारी हायस्कुलात एकवीस वर्षं मराठी शिकवते, आणि त्यातली अठरा वर्षं तो हजेरीपट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून यमाजीमामाच्या काखेतून शाळेबाहेर पडताना मी पाहिला आहे.

यमाजीमामा म्हणजे आमचा शिपाई. यमाजी लहू वाघ, चौथी पास, खालच्या कातकरवाडीतला. माणूस हाडकुळा, बोलायला तुटक, आणि हट्टी इतका की शाळेची घंटा दोन मिनिटं लवकर दे म्हटलं तर मुख्याध्यापकांनाही ऐकायचा नाही. त्याच्यावर मी पुष्कळदा चिडले आहे. आज मात्र मला राग येतो तो जास्त करून माझाच.

शाळेचं म्हणाल तर ती चौऱ्याऐंशी साली भातगिरणीच्या मागच्या शेडमध्ये सुरू झाली. तांदळाचा कोंडा उडायचा आणि पोरं शिंकत शिंकत पाढे म्हणायची. मग गावानं माळावरची जागा दिली, घरटी एक माणूस आठ दिवस दगड-माती वाहायला आला आणि चार खोल्या उभ्या राहिल्या. पुढची पंधरा वर्षं या शाळेनं दिमाखात काढली. एकेका वर्गाच्या दोन तुकड्या, बाकावर तिघंतिघं. शहापूरच्या कचेऱ्यांत आजही आमचा विद्यार्थी भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पण आसनगाव स्टेशनाकडून इमारती सरकत सरकत आमच्या माळापर्यंत आल्या, पिवळ्या बसगाड्या आल्या, आणि कुणब्यांची पोरं टाय लावून त्यात बसून गेली. आमच्याकडे शिकून मास्तर झालेल्यांनीही आपली मुलं इंग्लिश मीडियमला घातली. माझा मुलगा भावेशही त्याच बसनं गेला, हे मी आत्ताच सांगून टाकते. मागे राहिली ती कातकरवाडीतली आणि ठाकूरवाडीतली पोरं.

कातकरवाडी दिवाळी झाली की उठते. टेम्पो येतो, त्यात भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि माणसं चढतात, आणि सगळे कल्याण-भिवंडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात, ते वैशाखात परततात. पोरगं महिनाभर शाळेत दिसलं नाही की आम्ही पटावरून नाव कमी करायचो. मी इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एका दुपारी आमच्या एका सरांनी एकदम सात नावं कापली. यमाजीमामा तिथेच फळा पुसत होता. त्यानं सातही नावं वाचायला लावली आणि फडकं फेकून दिलं.

"माझं बी असंच कापलेलं," तो म्हणाला. "बाप उंबरमाळीच्या रानात कोळशाच्या भट्टीवर होता. मी परत आलो तं मास्तर बोलला, तू आता शाळेचा नाय. पोरानं हजर म्हणायचं, येवढंच ना? मग हजेरी घेऊन मी जातो."

तेव्हाचे मुख्याध्यापक हसले आणि म्हणाले, जा घेऊन.

तो खरंच गेला. दर रविवारी पहिल्या गाडीनं आसनगावहून टिटवाळ्याला उतरायचं आणि तिथून पायी चार भट्ट्या फिरायच्या. पोरं नळावर तोंडं धुऊन रांगेत उभी राहायची. मामा पूर्ण नाव घेऊन पुकारायचा, पोरं हजर म्हणायची. सोमवारी आम्ही त्या एका हजेरीवर आख्खा आठवडा भरून टाकायचो. हे नियमात बसत नाही हे आम्हाला कळत होतं. पण पट टिकला की आमच्या जागा टिकत होत्या, तेव्हा सगळ्यांनी मूग गिळले. एकदा मामाला ताप होता तेव्हा मी त्याला स्वतः स्टेशनापर्यंत सोडायला गेले होते, आणि मी काहीतरी पुण्य करते आहे असं मला वाटलं होतं.

अशा हजेरीवर सोमी कमळू मुकणे दहावीत पोचली. कातकरवाडीतलं मूल दहावीत बसून कितीतरी वर्षं लोटली होती. आठवीपर्यंत कुणाला अडवायचं नसतं, नववीत ही पोरं गळून जातात, पण सोमी गळली नाही. पावसाळ्यात चार महिने ती पहिल्या बाकावर बसायची आणि निबंधात असं काही लिहायची की मी घरी नेऊन वाचायचे. मामानं तर वाडीत सांगून ठेवलं होतं, की सोमी पास झाली का मी रिटायर झालो तरी चालंल.

गेल्या वर्षी जानेवारीत, सोमवारीच, एक अधिकारी न सांगता आले. त्यांनी वर्गावर्गात डोकी मोजली. पटावर हजर असलेली अकरा मुलं जागेवर नव्हती. आमचे आत्ताचे मुख्याध्यापक निमसे सर नुसतीच पटाची पानं उलटत राहिले. मुलं आजारी आहेत असं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात यमाजीमामा पुढे झाला.

"साहेब, ती भट्टीवर हायत. काल मी सवता हजेरी घेऊन आलो. सगळी बरी हायत."

त्याच्या आवाजात अभिमान होता. हे लपवायचं असतं हे अठरा वर्षांत आम्ही कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. दोन दिवसांत पट खरा करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल, एवढं बोलून ते गेले.

पट खरा केला तेव्हा सोमीची हजेरी निम्म्यावर आली. दहावीला बसायला पंचाहत्तर टक्के लागतात. बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदत कधीच गेली होती. निमसे सर म्हणाले, ती उद्यापासून रोज वर्गात बसली तर सवलतीचा अर्ज जोडून बघतो, पुढचं माझ्या हातात नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मामाबरोबर टिटवाळ्याची गाडी धरली.

अठरा वर्षांत मी भट्टी पहिल्यांदा पाहत होते. कमळू माती तुडवत होता, त्याची बायको सकुबाई साच्यात विटा पाडत होती आणि सोमी त्या पालथ्या घालून ओळीनं मांडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. सकुबाईनं हात न धुताच ऐकून घेतलं आणि ती माझ्याशी न बोलता मामाकडे वळली.

"यमाजीदादा, हजेरी तं तू लावतोस ना?"

"लावायचो. आता चालत नाय."

"मग हे तू आदी नाय सांगायचं? पैली नावं कापायचे तवा आमी पोरांना म्हातारीकडं वाडीतच ठेवायचो. नाव कापलं जाईल म्हणून भ्यायचो. माझा भाव संजू तसाच रायला आन दहावी झाला. मग तू हितं यायला लागलास. आमी बोललो, शाळाच हितं येते, तं पोरांना कशाला मागं ठेवायचं? म्हातारीला कशाला तरास?"

सोमी आपल्या दप्तरातून गणिताचं पुस्तक घेऊन आली. दिवाळीच्या आधी जिथे सोडलं होतं तिथपर्यंत त्याला पेन्सिलीच्या खुणा होत्या, पुढची पानं कोरी.

"हजेरी तू आणलीस, मामा," ती म्हणाली. "गणित कुणी नाय आणलं."

ती उलट बोलणारी पोर नव्हती. खरं तेच तिनं सांगितलं, आणि ते ऐकायला मी, पगारी शिक्षिका, तिथे उभी होते. मला लाज वाटली. मामा चौथी पास, तो काय शिकवणार होता? आमच्यातल्या एकानंही अठरा वर्षांत एक रविवार काढला नव्हता.

सोमी आमच्याबरोबर आली. वाडीत आजीकडे राहून रोज आमच्या वर्गात बसली. मी तिला सकाळी मराठी घेत होते, गणिताचे सर दुपारी थांबत होते. अकरा दिवसांनी अर्ज नामंजूर होऊन आला. हॉलतिकिटं वाटली त्या दिवशी ती शाळेत आली होती. सगळ्यांची नावं पुकारून झाली तरी ती उभीच होती, म्हणून मीच तिला बाहेर नेलं. संध्याकाळी मामा तिला परत भट्टीवर सोडून आला. पुढच्या वर्षी सतरा नंबर भरू, असं मी तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "आता नको, बाई."

मे महिन्यात मामानं मला जुने पट काढायला लावले. माळ्यावरचे गठ्ठे त्यानंच उतरवले. हजेरी भट्टीवर जायला लागली त्याच्या आधीच्या आठ वर्षांत कातकरवाडीतली पाच पोरं दहावी झाली होती. त्यानंतरच्या अठरा वर्षांत एकही नाही. मी पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. तुझ्या एकट्याची चूक नाही, शाळेचीच पडती झाली, असं मी त्याला सांगत होते, आणि ते खरंही आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि गठ्ठे पुन्हा बांधले.

या दिवाळीनंतर टेम्पो आला तेव्हा मामा वाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मीही होते. सोमीची धाकटी बहीण मनाली आमच्याकडे सातवीत आहे. तिचं बोचकंही टेम्पोत चढलं होतं.

"औंदा हजेरी येणार नाय," मामानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "महिना झाला का नावं कापणार. पोरं ठेवून जा."

कमळू हसला. "तू नाय कापणार."

"कापणार! मनालीला तरी ठेव. जेवणाचं मी बघतो."

"म्हातारीला आता दिसत नाय, यमाजीदादा," सकुबाई म्हणाली. "तरण्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मामानं हात जोडले. अठरा वर्षं ज्यांच्या पोरांसाठी वणवण केली, त्यांच्यापुढे तो हात जोडून उभा होता, आणि त्याची धमकी कुणी खरी मानत नव्हतं. सोमीनं मनालीला वर ओढून घेतलं. "तू येशीलच, मामा," ती म्हणाली, आणि टेम्पो गेला.

मामा भट्टीवर गेला नाही. रविवारी तो बंद शाळेच्या पायरीवर बसून राहायचा. नाव कापायची भीती वाटली की पोरं येतील, पैलीसारखी, असं म्हणायचा. कुणी आलं नाही. महिना भरल्यावर नऊ नावं मी कापली, कारण त्यानं पेन माझ्याकडे सरकवलं. त्यात मनालीचं होतं.

परवा सोमीचा मला फोन आला.

"बाई, मामाला बरं नाय का? मनाली पाच रविवार तोंड धुऊन फाट्यावर उभी रायली. या रविवारी नाय गेली. आयेबरोबर विटा पाडते."

मी हे मामाला सांगितलं. मग त्यानं विचारलं, "मग जाऊ का, बाई? का नको जाऊ?"