पिवळ्या काचेखालचा सौदा

मुंबईच्या दलालानं मला फसवलं, आणि तेही अमरावतीच्या नव्या गिरिजाघरात. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाहेर ऊन भाजत होतं, म्हणून दलाल म्हणाला, "चला, आत सावलीत बोलू." गिरिजाघराचं बांधकाम अजून चालूच होतं. टोकदार कमानीजवळच्या खिडकीखाली त्यानं माझ्या रुईचा नमुना पसरला. तो पिवळट दिसला आणि माझा धीर सुटला. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे त्यानं रुमालाखाली माझी बोटं दाबून पडता भाव सांगितला, मी कबूल केला.

तो गेल्यावर शिडीवरून काच बसवणारा म्हातारा उतरला. त्याचं नाव मी विचारलं नाही. आमचा सौदा चालला असताना तो वर प्रत्येक काच धोतरानं पुसून, एक डोळा मिटून उजेडाकडे धरत होता. त्यानं माझी रुई उचलून दोन पावलं बाजूला नेली. ती दुधासारखी पांढरी झाली. पिवळा होता तो खिडकीच्या रंगीत काचेतून पडणारा उजेड.

"मंग आधी काहून नाई सांगतलं, बुढेबा?" मी ओरडलो.

"सौदा तुमचा होता, शेठ. रुमालाखाली तिसऱ्याचा हात जात नाई. पन काच कशी वाटली, थे सांगा."

रागातही मी वर पाहिलं. काच सुरेख होती, आणि मी तसं सांगितलं. म्हातारा लाजून हसला.

आजही बाजाराच्या दिवशी मी तिथे घटकाभर बसतो, मन निवतं. म्हाताऱ्याशी माझं भांडण नाही. पण त्या दलालानं मला नेमकं त्याच खिडकीखाली का नेलं, याचं उत्तर त्यानं द्यावं, आणि बाहेर उन्हात उभं राहून द्यावं.