फॉर्ममध्ये दिलेला नंबर

फळीवरचा बायकोचा फोन सकाळपासून वाजतोय. वाजला की थरथरत कडेपर्यंत सरकतो. ती जाऊन चार महिने झाले. मी रंगकामाची कंत्राटं घेतो. माझे हात कायम रंगात, म्हणून गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. परवा मुलगी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर माझी माहिती भरत होती. तिने नंबर विचारला आणि माझ्या तोंडून सवयीने तिच्या आईचाच गेला.

आता फोन येतात ते नुसते कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचे आणि विमावाल्यांचे. काम एकाकडेही नाही. पूर्वी समोरच्याला चहा पाजून मग पत्ता सांगायचो. आता त्या फॉर्ममध्ये घर, वय, चौथीत शाळा सोडली तेसुद्धा सांगून बसलो, आणि ऐकणारा कोण ते ठाऊक नाही. कंटाळा आला.

"बाबा, आईचा नंबर काढून माझा टाकू का? किती वैताग!"

"वैताग तुला का? फोन मी घेतो ना?"

"घेता कुठे? वाजू देता नुसता."

खरं आहे. दोन रिंग होईपर्यंत मी उठतच नाही. वाटतं, ती आतून येऊन घेईल. पोरीला हे काय सांगणार?

म्हटलं, "राहू दे. एखादं काम येईल."