मनोहररावांचं प्रेशर आणि जैतूनचं पान

वरचं नव्वद, खालचं साठ. मी पट्टा सोडला, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा पाहिलं. तेच.

टेबलापलीकडे मनोहरराव बसले होते. नाचणगावचे, एसटी स्टँडवरून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर माईकवर गाड्या पुकारल्यामुळे आवाज अजून खणखणीत. आदल्या संध्याकाळी गावातल्या कबड्डीच्या सामन्यांत माईक त्यांच्याच हातात होता. खेळाडूचं नाव घेता घेता ते खुर्चीवरून उठले, तसे खाली कोसळले आणि सगळ्या मैदानानं तो पडल्याचा आवाज लाउडस्पीकरवर ऐकला.

मी फिजिशियन. पुलगावात माझा दवाखाना आहे. मनोहरराव माझे जुने पेशंट. प्रेशरच्या दोन गोळ्या चालू, आणि तरीही त्यांचं प्रेशर खाली यायला नेहमी कुरकुर करायचं. ते एकदम इतकं खाली का गेलं, हा प्रश्न होता. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. दोन्ही फार उतरले की उभं राहताना डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं, तर माणूस अंथरुणालाच खिळतो.

मी विचारलं, आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेता का?

"नाई मॅडम. तुमच्या गोळीशिवाय आपण दुसरं औषध घेत नाई."

शेजारी त्यांच्या पत्नी सुमनताई होत्या. त्यांनीही जोरात मान हलवली.

मी एक गोळी अर्धी केली. पुढच्या खेपेला प्रेशर तिथंच. ईसीजी ठीक, रक्ताचे रिपोर्ट ठीक, फक्त सोडियम म्हणजे शरीरातलं मीठ जरा कमी. मी ती गोळी पूर्ण बंद केली. तेव्हा सुमनताईंनी पिशवीतून पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. मी जसजशी काळजीत पडत होते, तसतसं हे जोडपं खुश होत होतं. मला त्याचा अर्थ लागेना.

तिसऱ्या खेपेला मी वर्ध्याच्या माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, होल्टर लाव. होल्टर म्हणजे छातीला दिवसभर चिकटवून ठेवायचं मशीन, हृदयाचे ठोके चुकतात का ते पाहतं. ठोके चुकत असतील तर पेसमेकर बसवायची वेळ येऊ शकते. हे ऐकून मनोहररावांचा खणखणीत आवाज पार बसला. सिस्टर त्यांना मशीन लावायला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सुमनताईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते जैतूनच्या पानाचं आता बंद करू का? फरक तं पडला."

मी पेन खाली ठेवलं.

जैतून म्हणजे ऑलिव्ह. आपल्याकडे त्याचं तेल बाळाच्या मालिशीला येतं तेवढंच. पण त्याच्या पानाची पावडर आणि कॅप्सूलही विकतात. सुमनताईंचे जावई नितीन हिंगणघाटला असतात. साखळी पद्धतीनं हर्बल माल विकणाऱ्या एका कंपनीत ते नुकतेच शिरले होते. त्यांनी सासूबाईंना पावडर दिली. मामाजी आपणहून घेणार नाहीत, भाजीत टाका, पण कळू देऊ नका, असं बजावलं. मिठाचं पथ्यही सांगितलं. म्हणून मीठ जवळजवळ बंद, आणि पान रोज मेथीत नाहीतर कारल्यात, म्हणजे कडूपणाचा संशय यायला नको.

मग मनोहरराव वायरी लावून बाहेर आले. सुमनताईंना मी जरा बाहेर बसवलं आणि मनोहररावांना विचारलं, औषध राहू द्या, पाला, पावडर, काढा असं काही घेता का? त्यांनी दाराकडे पाहिलं, अगदी बायकोसारखंच. मग खिशातून डबी काढली. जैतूनच्या पानाच्या कॅप्सूल. कंपनी तीच, आणि देणारे जावईही तेच.

"जावयाले नाई कसं म्हणाव, मॅडम? पण तिले नका सांगू. म्हणन, मोठे विदेशी पानं खाऊन राह्यले."

दोघांनाही मी वेगवेगळं समजावलं की आता हे लपवणं धोक्याचं आहे. दोघंही तयार झाले. मग डबी आणि पावडरची पिशवी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"तू माह्या भाजीत टाकत होती?" मनोहरराव म्हणाले. "तरीच कडू लागे."

"तुमी तं म्हणत होते, मेथी मस्त झाली."

"मले वाटलं, तू रागावशीन."

पेढ्याचाही उलगडा झाला. चक्कर आली की जावई म्हणायचे, शरीरातलं विष निघून राह्यलं. मी गोळी कमी केली की दोघांना वाटायचं, पान लागू पडलं. आपापल्या मनात.

गंमत अशी की ते अगदीच खोटं नव्हतं. या पानात एक कडू द्रव्य असतं. त्यानं काहींचं प्रेशर आणि साखर थोडी उतरते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. पुरावा फार पक्का नाही, आणि गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. पण गोळीच्या वर ते घेतलं तर परिणामात भर पडू शकते. इथे गोळ्या, नवऱ्याचं पान, बायकोचं पान आणि वैशाखाच्या घामात मीठ बंद, एवढं सगळं एका माणसावर चालू होतं. पान काहीच करत नसतं तर ते कदाचित माईकसकट पडले नसते.

मी पान थांबवलं, मीठ बेतानं सुरू केलं. होल्टरमध्ये ठोके ठीक निघाले. हळूहळू प्रेशर वर आलं, इतकं की बंद केलेली गोळी पुन्हा द्यावी लागली. त्या दिवशी पेढा मिळाला नाही.

नितीनरावांना मी बोलावून घेतलं, कारण माझ्या इतर पेशंटांनीही जैतूनचं विचारायला सुरुवात केली होती. त्यांच्या ग्रुपवर मामाजींचा हसरा फोटो फिरत होता: गोळ्या बंद, डॉक्टरही थक्क. थक्क झालेली डॉक्टर मीच.

ते कडक इस्त्रीच्या शर्टात आले. मी सगळं सांगितलं, कोणाच्याही गोळ्या बंद करायला लावू नका म्हटलं. मनोहरराव पडले ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिथेच फोटो काढून टाकला. तरी उठता उठता सवयीनं म्हणाले, "मॅडम, तुमी बी एकदा घेऊन पाहा."

"तुम्ही घेता?"

"नाई. मले त्याच्या वासानंच मळमळते."

मी म्हटलं, बसा, पट्टा बांधते. वरचं एकशे सत्तर. पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं, कमी झालं नाही. त्यांना गोळी सुरू केली. ती ते नियमित घेतात. फक्त सासरी सांगू नका, एवढी त्यांची विनंती होती.

तेव्हापासून मी पेशंटला "दुसरं औषध घेता का" असं विचारत नाही. पानाला कोणी औषध समजत नाही, त्यामुळे उत्तर नेहमी नाहीच येतं. मी विचारते, जावई काय करतात?